कोरेगांवची अबदागिरी : ग्रांट डफच्या एका आख्यायिकेचें परीक्षण

इसवी सन १८१८ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें जी लढाई झाली, तिच्या वर्णनांत ग्रांट डफनें एक लहानशी गोष्ट दिली आहे. बाजीराव पेशवे व सातारचे प्रतापसिंह महाराज रणभूमीपासून दूर बसून लढाई पाहत होते. महाराजांवर उन्हासाठीं अबदागिरी धरलेली होती. लढाईस तोंड लागतांच, इंग्रज हिच्या रोखानें गोळा टाकतील अशा भयानें बाजीरावांनीं ती बाजूस करण्याविषयीं महाराजांस विनविलें, अशी ती गोष्ट. वाचणारे ती बाजीरावांच्या भित्रेपणाचा एक मासला म्हणून वाचतात, हंसतात आणि पान उलटतात. आमच्या मतें ती इतकी हलकी नाहीं. १८०२ पासून १८४९ पर्यंत या देशाच्या स्वामित्वाविषयीं कंपनी सरकारनें वेळोवेळीं जी भाषा बदलली, तिचें बीज या गोष्टींत सांपडतें. म्हणून तिचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

आम्ही सणसवाडीस राहतों. शिरूरहून पुण्याकडे निघालें म्हणजे शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगांव हीं गांवें क्रमानें लागतात, आणि कोरेगांव मागें टाकून भीमा ओलांडली कीं पेरण्याच्या हद्दींत तो प्रसिद्ध दगडी स्तंभ उभा आहे. या टापूंत हा विषय केवळ पुस्तकांत राहिलेला नाहीं. लढाईस दोनशें वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, म्हणजे १ जानेवारी २०१८ रोजीं, कोरेगांव व सणसवाडी या भागांत दंगा होऊन एक तरुण प्राणास मुकला, आणि पुढें सरकारास चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, त्या दिवशीं हरलें कोण? पेशवे, छत्रपति, कीं आपण?" प्रश्न साधा आहे; पण उत्तर देणारानें आधीं हें ठरविलें पाहिजे कीं, त्या दिवशीं भीमेच्या दोन्ही तीरांवर राज्य कोणाचें होतें.

लढाईची हकीकत वाचकांस ठाऊक आहे, ती थोडक्यांत सांगतों. पुण्याहून कर्नल बर यानें कुमक मागितल्यावरून कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरहून निघाला. त्याजबरोबर मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, अडीचशें-तीनशें स्वार, आणि मद्रासच्या गोलंदाजांसह दोन सहापौंडी तोफा होत्या. सारे मिळून आठशेंच्या आसपास. पेशव्यांची फौज ग्रांट डफच्या हिशेबानें पंचवीस हजार स्वार व कांहीं हजार पायदळ अशी होती. मात्र गांवांत शिरून लढल्या त्या अरब, गोसावी वगैरे पायदळाच्या तुकड्या. दिवसभर घराघरांतून व गल्ल्यांतून झुंज चालली. रात्रीं पेशव्यांचे लोक हटले, आणि दुसऱ्या दिवशीं अंधार पडल्यावर स्टाँटनहि पुण्यास न जातां शिरूरास परतला. त्याचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून २७५ लोक खर्चीं पडले. जय कोणाचा यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तींत भर घालण्याचा आमचा विचार नाहीं.

आतां आख्यायिका पाहूं. पेशवे कोरेगांवापासून सुमारें दोन मैलांवर एका उंचवट्यावर होते, असें ग्रांट डफच सांगतो. सहापौंडी तोफेचा गोळा दोन मैल जात नसे. शिवाय स्टाँटनच्या दोन्ही तोफा गांवाच्या वाटा रोखण्यांत गुंतल्या होत्या. बाजीरावांस तोफेचा पल्ला कळत नव्हता असें मानलें, तरी त्यांच्या पदरीं तोफखान्यांत जन्म घालविलेलीं माणसें होतीं. तेव्हां ही भीति निराधार होती, हें गोष्टींतच सिद्ध आहे. मग ही गोष्ट ग्रांट डफास सांगितली कोणी? त्या उंचवट्यावर इंग्रजांचा कोणी मनुष्य नव्हता. ग्रांट हा लढाईनंतर साताऱ्यास पोलिटिकल एजंट म्हणून गेला, १८२२ च्या एप्रिलांत महाराजांच्या हातीं कारभार सोंपवीपर्यंत त्या राज्याची सारी व्यवस्था त्यानेंच पाहिली, आणि महाराजांशीं त्याचा निकटचा संबंध आला. गोष्ट महाराजांकडून किंवा त्यांच्या भोंवतालच्या मंडळींकडून त्यास कळली असावी, असें आमचें अनुमान आहे. १८१९ चा सातारचा तह कंपनीतर्फें ठरविणारा अंमलदार हाच ग्रांट, आणि १८२६ सालीं तीन भागांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाराहि हाच. म्हणजे राजा गादीवर बसविणाऱ्यांपैकीं एक, राजास राज्यकारभार शिकविणारा आणि राजाच्या पूर्वीच्या दुर्दशेचा साक्षी, हे तीनहि एकच. एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. नैयायिक आप्तवाक्य प्रमाण मानतात. पण सांगणाराचा हेतु सांगण्याहून वेगळा असण्याचा संभव दिसला, कीं आप्तत्वाची पुन्हां परीक्षा करणें भाग पडतें. येथें सांगणारास व ऐकणारास, दोघांसहि, बाजीराव हे धन्यास बंदींत ठेवणारे प्रधान दिसणें सोयीचें होतें.

एका सावलीच्या पंख्यावर इतका काथ्याकूट करणें म्हणजे काकदन्तपरीक्षा, असें कोणी म्हणेल. परंतु अबदागिरी हा शब्द फारसी 'आफ्ताबगीर' याचें मराठी रूप आहे, आणि ही वस्तु उन्हापुरती नव्हती. दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांस सांगणें नको कीं, अबदागिरी हा मान आहे. तो सरदारांस मिळे, देवांच्या पालख्यांपुढेंहि चाले. छत्र निराळें, तें अभिषिक्ताच्या मस्तकावर असावयाचें. इंग्रजी वाचकास या दोहोंत भेद दिसत नाहीं, कारण त्याच्या भाषेंत दोन्ही उन्हाचीं साधनें. आपणांस मात्र चित्र असें दिसतें कीं, ज्याच्या कुळाची पदवी छत्रपति त्याच्यावर त्या दिवशीं छत्र नाहीं, सरदारास शोभणारी अबदागिरी आहे, आणि तीहि प्रधानाच्या सांगण्यावरून बाजूस होत आहे. पण येथेंच एक बारीक गोष्ट लक्षांत घ्यावयाची. बाजीरावांनीं आज्ञा केली असें ग्रांट डफ लिहीत नाहीं. विनविलें असें लिहितो. सत्ता प्रधानाची, तरी बोलण्याची रीत सेवकाची. ही आख्यायिका महाराजांचें पारतंत्र्य दाखविण्यास सांगितली गेली असेल, तर तिनें त्याच वेळीं पेशव्यांचें प्रधानपणहि शाबूत असल्याची साक्ष दिली आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत ग्रांट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, तेव्हांपासून त्या ग्रंथांतील चुका काढण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पण चूक काढण्याइतकेंच लेखकाच्या क्रियापदांकडे पाहणेंहि उपयोगाचें असतें.

हें प्रधानपण कागदोपत्रीं कधींच लपलेलें नव्हतें. पेशव्यांच्या मुद्रेंत आधीं छत्रपतींचें नांव, मग आपलें, आणि शेवटीं प्रधान ही पदवी. १७९६ सालीं बाजीरावांनीं वस्त्रें आणविलीं तीं साताऱ्याहूनच. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला, त्यांतहि इंग्रजांनीं बाजीरावांस 'पंडित प्रधान' असेंच संबोधिलें आहे. प्रधान म्हटला म्हणजे तो कोणाचा तरी प्रधान असला पाहिजे. पण तैनाती फौज ठेवण्यास, मुलूख तोडून देण्यास आणि परराज्यांशीं स्वतंत्र व्यवहार सोडण्यास या प्रधानाची सही कंपनीस पुरेशी वाटली. साताऱ्यास कोणी विचारलें नाहीं. १८१७ च्या जूनमध्यें पुण्याच्या तहानें मराठमंडळाचें पुढारीपण त्यांच्याकडून सोडविलें, तेव्हांहि नाहीं.

सात-आठ महिने लोटतात तों भाषा बदलते. ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं सातारा हातीं आल्यावर एल्फिन्स्टननें जाहीरनामा काढला. बाजीरावांचे अपराध सांगून त्यांचा मुलूख कंपनीनें घेतल्याचें त्यांत जाहीर केलें आणि सातारच्या राजास त्याच्या इतमामास शोभेल एवढा प्रांत राखून ठेवण्याचें अभिवचन दिलें. आतां गंमत पाहा. जाहीरनामा निघाला त्या दिवशीं महाराज इंग्रजांकडे नव्हतेच. ते बाजीरावांच्याच छावणींत होते. नऊदहा दिवसांनीं आष्टीस बापू गोखले पडले, तेव्हां ते इंग्रजांच्या हातीं आले. ज्याच्या नांवानें राज्य लावावयाचें तो शत्रूच्या गोटांत असतांनाच त्याचा वांटा तोडून ठेवला गेला होता.

पेरण्याचा स्तंभ याच काळांतला. त्याचा पाया २६ मार्च १८२१ रोजीं घातला. लेखावर रोमन अंकांत १८२२ सालाचा उल्लेख आहे. त्या लेखांत पेशव्यांची सारी फौज, खुद्द त्यांचें आधिपत्य आणि स्टाँटनच्या तुकडीचें शौर्य यांचें वर्णन आहे. छत्रपतींचें नांव नाहीं. आणि तें कसें असणार? राजा खरा धनी असेल, तर त्या दिवशींची फौजहि त्याचीच, आणि ज्यास कंपनीनें तीन महिन्यांनीं गादीवर बसविलें त्याच्याच फौजेशीं ती लढली, असें दगडावर कोरावें लागलें असतें. ग्रांट डफच्या ग्रंथांत राजा अबदागिरीखालीं दिसतो, आणि दगडावर तीहि दिसत नाहीं.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें नीरा, भीमा व वारणा यांच्या दरम्यानचा मुलूख महाराजांस व त्यांच्या वारसांस कायमचा दिला गेला. मात्र कंपनीच्या सल्ल्यानें चालण्याची आणि बाहेर कोणाशीं पत्रव्यवहार न करण्याची अट घातली. याच अटीच्या भंगाचा आरोप ठेवून १८३९ सालीं प्रतापसिंहांस पदच्युत केलें. रंगो बापूजी यांनीं त्यांची बाजू घेऊन १८५३ पर्यंत विलायतेंत जी खटपट केली ती सर्वश्रुत आहे. १८४८ च्या एप्रिलांत शहाजी महाराज वारले. मृत्युसमयीं त्यांनीं दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यानें दत्तक मान्य करावा असें लिहिलें. डलहौसीचा अभिप्राय उलट पडला. सातारा हें कंपनीनें देणगी म्हणून निर्माण केलेलें संस्थान आहे, सबब औरस वारस नसतां तें देणाराकडे परत जातें, अशी त्याची मांडणी. खासगी मालमत्तेपुरता दत्तक त्यासहि मान्य होता. १८४९ च्या आरंभीं विलायतेच्या डायरेक्टरांनीं हाच निकाल कायम केला.

शास्त्रदृष्ट्या हा अर्धजरतीय न्याय आहे. १८१८ त राजा जुना धनी होता, तर १८१९ त त्यास मिळालें तें त्याचेंच, देणगी नव्हे. आणि तें देणगीच होतें असें धरलें, तर आधींचा धनी पेशवा ठरतो आणि जाहीरनाम्यांतील राजाचा कैवार व्यर्थ होतो. दोन्ही म्हणणीं एकाच तोंडांत शोभत नाहींत. नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख हा या प्रांतीं व्यवहाराचा मान्य ग्रंथ. सुरतेस १८२७ सालीं बोरोडेलनें त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें असल्यामुळें तो कंपनीच्या अंमलदारांस दुर्मिळ नव्हता. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या आधारें त्यांत म्हटलें आहे कीं, राजाचा अधिकार पालनाचा व कर घेण्याचा. भूमि ज्याच्या त्याच्या मालकीची. जिंकणारासहि जिंकलेल्याचें स्वतःचें घर, शेत व द्रव्य तेवढेंच मिळतें. बाकी मुलखांत केवळ कर घेण्याचा हक्क येतो. एल्फिन्स्टननें जाहीरनाम्यांत वतनें, इनामें व देवस्थानें चालविण्याचें वचन दिलें, तें या मताशीं जुळतें. चौतीस वर्षांनीं, १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्यानें त्या वचनाची काय वाट लागली, तें या जिल्ह्यांतील पुष्कळ घराण्यांच्या पेट्यांत अजून वाचावयास मिळतें.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं दिलेलें उत्तर असें. राज्याचा निकाल त्या दिवशीं कोरेगांवांत लागला नाहीं. तो लागण्यास पुढें एक जाहीरनामा, एक तह आणि एक अभिप्राय लागला, व त्या तिहींत राज्याचा धनी एक नाहीं. स्तंभावर मात्र दोन मजकूर आहेत, आणि ते निराळे वाचले पाहिजेत. वरचा कंपनीच्या गौरवाचा. त्याचें परीक्षण आम्हीं केलें. खालचा मृतांच्या व जखमींच्या नांवांचा. त्यांत शेवटीं 'नाक' असलेलीं महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें आले ते या नांवांसाठीं. कंपनीच्या दाव्यांत खोट निघाली म्हणून त्या शिपायांचें शौर्य उणें होत नाहीं, आणि त्यांचें शौर्य खरें म्हणून कंपनीचा दावा खरा ठरत नाहीं. हें ऐकून तो समाधान पावला असें नाहीं, "मग दगड कोणाचा?" असें त्यानें पुन्हां विचारलें, आणि त्यावर आमचें बोलणें बराच वेळ चाललें.

राहतां राहिली अबदागिरी. शके १७३९ च्या सुमाराचे पेशव्यांच्या छावणीच्या खर्चाचे किंवा महाराजांच्या खासगीकडील जिन्नसांचे जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत छत्र, अबदागिरी, चवऱ्या यांच्या रकमा पाहाव्या, आणि महाराजांबरोबर त्या स्वारींत छत्र दिलेलें आढळल्यास त्या कागदाची नक्कल मंडळाकडे पाठवावी.