हरलेल्याने मागितलेला वर

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत निबंध होतो. विषय 'दिवाळी' किंवा 'माझा आवडता सण'. मुद्दे मी फळ्यावर लिहून देतो: साफसफाई, फराळ, किल्ला, आकाशकंदील, आणि सर्वांत शेवटी 'सणामागील शास्त्रीय कारण'. हा शेवटचा मुद्दा मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून चालत आलेला आहे. मुले तो घडाघडा लिहितात. थंडीने अंग फुटते म्हणून उटणे. पावसाळ्यातले किडे मरावेत म्हणून पणत्या. घरे कोंदटलेली असतात म्हणून झाडलोट. पुरवण्यांतले लेखही हेच सांगतात, आणि हल्ली मोबाइलवर पहाटे अभ्यंगस्नानाच्याही आधी ही कारणे येऊन पडतात.

तीन वर्षांमागे मी हा मुद्दा समजावून देत असताना पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील त्या श्रावणात गेले होते. ती म्हणाली, ''गुरुजी, आमच्याकडे यंदा दिवाळी नाही. पण यमाचा दिवा लावायचा का? आई म्हणते लावायचा, काकू म्हणते नाही.'' किड्यांचे कारण माझ्या तोंडातच राहिले. ''आई सांगेल तसे कर,'' एवढेच मी म्हणालो आणि तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून राहिलो.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. संस्कृत येते ते सुभाषितांपुरते. तेव्हा सणांच्या उगमावर पंडिती निर्णय देण्याचा आव मी आणणार नाही. पण कथा लिहिणे हा माझा दुसरा धंदा आहे, आणि दिवाळीच्या मुळाशी म्हणून ज्या कथा सांगतात त्या कथा म्हणून तपासून पाहण्याचा हक्क मला असावा. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी तेच केले.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की आपल्या मराठी घरातल्या दिवाळीत श्रीरामाच्या अयोध्येला परतण्याला जवळजवळ जागा नाही. उत्तरेत ती कथा जिवंत आहे. आपल्याकडे ती बहुतेक क्रमिक पुस्तकांतून आली. आपले दिवस मोजा: वसुबारसेला गाय-वासरू, धनत्रयोदशीला यमदीपदान, मग नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा आणि यमद्वितीया, म्हणजे भाऊबीज. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात (१९५८) व्रते आणि उत्सव तपशिलाने मांडले आहेत. त्यात दिवाळीचे हे दिवस ज्याचे त्याचे वेगळे विधी घेऊन उभे दिसतात. एका सुतात ते ओवायचे तर त्या सुताला यमाचे नाव द्यावे लागेल. त्रयोदशीला त्याचा दिवा, चतुर्दशीला त्याची चौदा नावे घेऊन तर्पण, द्वितीयेला तो बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला. शिवाय अमावास्येला पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून चुडी पेटवून दाखवाव्यात, असे धर्मग्रंथ सांगतात. ज्या सणाला आपण आनंदाचा, रोषणाईचा म्हणतो त्याच्या उंबरठ्यावर मृत्यू इतक्या वेळा येऊन बसतो.

आता 'शास्त्रीय कारण' ह्या प्रकाराकडे पाहू. किड्यांसाठी पणत्या लावायच्या तर त्रयोदशीच्या एकाच दिव्याची वात दक्षिणेकडे का? वर्षभर दिव्याचे तोंड दक्षिणेला झाले तर घरातली म्हातारी माणसे हातातले काम टाकून उठतात, आणि त्या एका संध्याकाळी तीच माणसे कणकेचा दिवा मुद्दाम दक्षिणेकडे वळवतात. ज्या बहिणीला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. द्वितीयेची ती नखाएवढी कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसते. तेवढ्यात अंगणात येऊन ओवाळावे लागते. याचे आरोग्यदृष्ट्या कारण कोणी मला सांगावे. माझी तक्रार ही कारणे खोटी आहेत एवढीच नाही. ती ज्याला शास्त्र म्हणतात त्यात कोणी काही मोजलेले नसते, तपासलेले नसते. म्हणजे तीही कहाणीच, फक्त राजा-राणी नसलेली. आणि खऱ्या कहाणीपुढे मूल प्रश्न विचारते, ह्या कहाणीपुढे ते गप्प बसते.

पुराणकथांचे तसे नाही. नरकासुर मरतो. कादंबरीकाराने प्रकरण तेथे संपवले असते. पण मरता मरता तो वर मागतो, की ह्या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकाची पीडा नसावी. कोकणात आपण अंगठ्याने कारीट चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो. गोव्यात रात्रभर त्याचा पुतळा मिरवून पहाटे जाळतात. आणि मग स्नान करतो ते त्याच्याच वराच्या भरवशावर. बळीचेही तेच. वामनाने त्याला पाताळात घातले, आणि त्यानेही मागून घेतले ते वर्षातले थोडे दिवस, ज्यांत पृथ्वीवर त्याचे राज्य असावे. लागोपाठच्या दोन सणांत शेवटचा शब्द हरलेल्याचा आहे. खलनायकाला असा शेवट द्यायला छाती लागते. माझ्या तीन कादंबऱ्यांत मला ते एकदाही जमलेले नाही.

ह्या बळीची आठवण किती जुनी? अल्बेरूनी हा परदेशी विद्वान इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहिताना नोंदवतो, की कार्तिकाच्या प्रारंभी लोक न्हातात, नवे कपडे घालतात, विडे-सुपाऱ्या देतात, रात्री खूप दिवे लावतात; आणि ह्याचे कारण म्हणून सांगतात, की ह्या एका दिवशी लक्ष्मी बळीला बंदीतून सोडते आणि जगात फिरू देते. ज्या विष्णूने त्याला कोंडले त्याचीच ही बायको. मला ही कथा सर्वांत आवडली. तिच्यात संसार केलेल्या बाईचे शहाणपण आहे.

केरळात ओणमला महाबली प्रजेला भेटायला येतो असे मानतात. आपल्याकडे तो ओवाळणीच्या ताटाशी येतो: इडापिडा टळावी आणि बळीचे राज्य यावे असे बायका म्हणतात. वामन विष्णूचा अवतार, घरात विष्णूची पूजा, आणि राज्य मागायचे ते बळीचे! ह्या विसंगतीवर नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुल्यांनी, 'गुलामगिरी'त, १८७३ साली. त्यांना बळी हा रयतेचा न्यायी राजा दिसला आणि वामन कपटी आक्रमक. खंडोबासुद्धा त्यांनी बळीच्या कारभाऱ्यांत बसवला. इतिहास म्हणून हे सगळे टिकेल असे मला वाटत नाही. पण टीकाकार म्हणून फुले मला पुष्कळ पंडितांहून मोठे वाटतात, कारण त्यांनी पोथीऐवजी बाईच्या तोंडचे वाक्य खरे धरले. त्याच दृष्टीने, पण अगदी निराळ्या स्वभावाने, दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) वाचावे. तेथे झाडेपाने आणि लोकरीती एकमेकींना चिकटूनच येतात.

उगम शोधू नये असे मी म्हणत नाही. शोधणाऱ्यांचे ऋण आहेच. पण उगम सापडला म्हणजे अर्थ हाती आला, हे मात्र खरे नव्हे. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेले तेथे तळण होत नाही, आणि शेजारच्या चार घरांतून झाकलेली ताटे येतात. ही रीत कोठून निघाली ते पोथीत शोधत बसणाऱ्याला त्या ताटांचे वजन कळायचे नाही.

सुट्टी संपल्यावर त्या मुलीने निबंध आणून दिला. त्यात फटाके नव्हते, किल्ला नव्हता. दिवा लावला होता. त्याच्याखाली तांदूळ घालायचे राहिले म्हणून आईने तो पुन्हा उचलायला लावला, तेवढ्यात वात विझली आणि काकूनेच काडी ओढून ती परत लावली, असे तिने लिहिले होते. चकल्या शेजारून आल्या त्या जरा मऊ पडल्या होत्या, हेही लिहिले होते. शेवटचा मुद्दा तिने सोडून दिला होता. त्याचे दोन गुण कापायचे असतात. ते मी कापले नाहीत.