कर्जाला ‘कमाई’ म्हणणारं ॲप

गेल्या एप्रिलच्या शेवटी मी चार दिवस गावी होतो. गाव आर्णी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. जेवणं झाल्यावर बाबांनी त्यांचा मोबाइल माझ्यासमोर धरला. खर्चाचा हिशेब ठेवणारं एक ॲप मीच त्यांच्या फोनवर टाकून दिलं होतं. ते बँकेचे एसएमएस वाचतं आणि आलेला-गेलेला पैसा आपोआप मांडतं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, की गेल्या साठ दिवसांत तुमचं उत्पन्न २,९५,००० रुपये.

“तीन लाख? कवा आले? मले त दिसले नाई,” बाबा म्हणाले.

मी एकेक नोंद उघडून पाहिली. २८ मार्चला मामांनी १,४०,००० रुपये पाठवले होते, तेवढेच ३० मार्चला पीककर्जाच्या खात्यात भरले गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नवं पीककर्ज १,५५,००० रुपये जमा झालं आणि दुसऱ्याच दिवशी मामांचे पैसे परत गेले. गावाकडचा कुणीही हे वाचून लगेच सांगेल, की हे ‘नवं-जुनं’ आहे. मार्चअखेर जुनं कर्ज भरायचं, हातात पैसे नसतील तर चार दिवसांसाठी कुणाकडून तरी घ्यायचे, आणि नवं कर्ज उचललं की ते परत करायचे. या दोन महिन्यांत बाबांनी एक रुपयाही कमावला नव्हता. उलट कर्ज १५,००० रुपयांनी वाढलं होतं.

आई भांडी आवरत ऐकत होती. तिने विचारलं, “कर्जाले कमाई म्हणते का हे?”

त्याच स्क्रीनवर खाली एक पट्टी होती. तुमच्या व्यवहारांवरून तुम्ही ८०,००० रुपयांच्या कर्जाला पात्र आहात, दोन मिनिटांत खात्यात जमा. बाबांचं बोट त्या पट्टीपासून फार लांब नव्हतं. बियाणं घ्यायचे दिवस जवळ आले होते.

हा लेख त्या एका ॲपवर नाही. त्याचं नाव घेण्यात अर्थही नाही, कारण या जातीची सगळी ॲप्स साधारण अशीच बनतात. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि ती कशी बनतात हे मला ठाऊक आहे.

पगारदाराचं चित्र

आधी या ॲप्सचं देणं मान्य करतो. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिलं वर्ष पगार कुठे जातो ते कळत नव्हतं. महिनाअखेर पगार, एक तारखेला भाडं, पाच तारखेला हप्ता, मग रोजचं रिक्षा, मेस, ऑनलाइन मागवलेलं जेवण. ॲपने हे सगळं गोलाकार चार्टमध्ये मांडलं आणि जेवणावरचा आकडा पाहून मी घरी डाळ-भात लावायला शिकलो. माझं चित्र त्याने बरोबर काढलं होतं, कारण ते माझ्यासारख्यांना समोर ठेवूनच बनवलं होतं. पैसा महिन्याला येतो, बँकेतून येतो, बँकेतूनच जातो.

आमच्या घराचं वर्ष असं चालत नाही. सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. मृग लागला की बियाणं, खत आणि पेरणीत पैसा जातो. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर, बाजाराच्या दिवशी, रोख. कृषी केंद्राची उधारी माल विकल्यावर फिटते. कापूस विकल्याचे पैसे हिवाळ्यात येतात, तेही दोन-तीन खेपांत. जून ते सप्टेंबर आमच्या खात्यात भर पडण्यासारखं फार काही नसतं. ॲप मात्र दर एक तारखेला पाटी कोरी करतं आणि जुलैमध्ये सांगतं, की तुमचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला. हे आम्हाला पेरणीच्या आधीच माहीत असतं.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच पीएम-किसानचा सोळावा हप्ता सोडला. त्याच दिवशी राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे दोन हप्तेही जमा झाले. दोन-दोन हजारांचे तीन, म्हणजे एका दिवसात सहा हजार. बाबांच्या ॲपने ते सरळ ‘पगार’ या खान्यात टाकले आणि पुढच्या महिन्यात विचारलं, तुमचा पगार उशिरा आला आहे का? तेव्हा आम्ही हसलो होतो. एप्रिलमध्ये हसू आलं नाही.

टेबलात दोनच रकाने

या ॲप्सवर टीका करताना लोक बहुतेक वेळा भाषेवर बोट ठेवतात. मराठी नाही, आणि असली तर वाईट आहे. हा दोष खरा आहे, पण वरवरचा. भाषांतर करायला शब्दांची एक फाइल बदलावी लागते. इन्कमचं ‘उत्पन्न’ आणि एक्स्पेन्सचं ‘खर्च’ केलं की ॲप मराठी झालं. त्याच्या खाली डेटाबेसचं जे टेबल असतं, त्यात व्यवहाराचा प्रकार लिहायला एक रकाना असतो आणि त्यात दोनच किंमती बसतात, आलं किंवा गेलं. पैसा खात्यात आला की ते उत्पन्न.

आपल्या भाषेत पैशासाठी किती शब्द आहेत पाहा. उसनं म्हणजे बिनव्याजी, तेवढंच परत. उधारी म्हणजे माल आधी, पैसे नंतर. कर्ज म्हणजे व्याजासकट. उचल म्हणजे मजुराने कामाआधी घेतलेली रक्कम. मग बाकी, गहाण, आणि सगळं संपलं की ‘फिटलं’. हे सगळे शब्द पैसा हलला की नाही यापेक्षा कुणाचं कुणाकडे काय राहिलं याबद्दल बोलतात. जुन्या हिशेबनिसांनी याची सोय कधीच करून ठेवली होती. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार क्रमाने लिहायचे, आणि मग खतावणीत प्रत्येकाच्या नावाच्या पानावर ते न्यायचे. आजची ॲप्स उत्तम रोजकीर्द लिहितात, एसएमएस वाचून, सेकंदात. खतावणीचं काम मात्र बहुतेकींनी सोडून दिलं आहे.

दुकानदारासाठी तशी ॲप्स आली, हे सांगायला हवं. ओके-क्रेडिट किंवा खाताबुक हे उधारीचंच काम करतात, खाताबुक मराठीतही आहे. पण ती वही देणाऱ्याच्या हातात असते. घेणाऱ्याला वाट्याला येतो तो आठवणीचा मेसेज. कृषी केंद्रवाल्याच्या कागदी वहीत ‘कापूस आल्यावर’ असं लिहिलेलं चालत होतं. ॲपला तारीख लागते.

अपडेटचा फायदा कुणाला

आता अपडेटबद्दल. तीन वर्षं मी माझ्या ॲपमध्ये स्वतःचे खाने बनवले होते, देवनागरीत: ‘घरी पाठवले’, ‘बहिणीची फी’, ‘फवारणी’, ‘मामांचे देणे’. एका रात्री अपडेट आलं. सकाळी नवे रंग होते, नवे गोल कोपरे होते आणि बारा ठरलेले खाने होते. माझे सगळे ‘इतर’मध्ये गेले होते. जुना हिशेब फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय होती, ती आता पैसे भरणाऱ्यांसाठी झाली होती.

चिडायचा मला पूर्ण हक्क नाही. कामावर अशाच एका बदलाचा कोड मी लिहिला आहे. जुन्या नोंदी नव्या रचनेत न्यायच्या होत्या. ज्या कुठेच बसत नव्हत्या त्यांच्यासाठी एक ओळ पुरली: बाकी सगळं ‘इतर’. चाचण्या पास झाल्या, तिकीट बंद झालं. त्या नोंदी कुणाच्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हे एखाद्या कंपनीपुरतं नाही. मायक्रोसॉफ्टने त्यांचं ‘मनी’ हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये विकायचं बंद केलं. अमेरिकेतलं ‘मिंट’ फुकट होतं आणि त्याची कमाई लोकांना क्रेडिट कार्ड, कर्ज वगैरे सुचवण्यातून व्हायची. ते २००९ मध्ये इंट्युइटने विकत घेतलं, २०२४ च्या मार्चमध्ये बंद केलं आणि वापरणाऱ्यांना क्रेडिट कर्मा या आपल्याच दुसऱ्या सेवेकडे पाठवलं. तिथे मिंटसारखं महिन्याचं बजेट नव्हतं. आपल्याकडे २०१४ च्या सुमाराला ‘वॉलनट’ आलं, एसएमएस वाचून खर्च मांडणारं, फुकट आणि छान. २०१८ मध्ये ते कॅपिटल फ्लोट या ऑनलाइन कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं. पुढे दोन्हींचं मिळून नाव ‘ॲक्झिओ’ झालं.

यात लपवलेलं काही नाही. फुकटच्या वहीचा खर्च कुणीतरी द्यायचा असतो. पण कर्ज विकणाऱ्याच्या घरात हिशेबाची वही गेली, की तिच्याकडून कुठल्या सुधारणा होतील हे ओळखता येतं. पैशाची हालचाल आणखी बारीक दिसेल, कारण कर्ज कुणाला द्यायचं ते त्यावरून ठरतं. ‘तुमच्या डोक्यावर आधीच किती आहे’ हे मोठ्या अक्षरांत दाखवायची घाई कुणाला असणार? बाबांच्या स्क्रीनवरचं २,९५,००० ही निव्वळ चूक असेलही. पण ती चूक दुरुस्त केली असती तर खालची ८०,००० ची पट्टी दाखवणं अवघड गेलं असतं.

सरकारी बाजूचं ‘भीम’ त्या मानाने वेगळं आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. पंधराहून जास्त भाषा, कमी नेटवर्कमध्ये चालण्याची तयारी, खर्च वाटून घेण्याची सोय, घरच्यांना जोडायचा फॅमिली मोड आणि खर्चाचं विश्लेषण. फॅमिली मोड मला आवडला, कारण आमच्याकडे पैसा एका माणसाचा नसतोच. पण विश्लेषण शेवटी दिलेल्या पैशांचंच. वेचणीची रोख मजुरी आणि कृषी केंद्रात न दिलेले पैसे, जे आमच्या हिशेबातले सगळ्यात महत्त्वाचे आकडे आहेत, ते तिथे येऊ शकत नाहीत.

चांगलं अपडेट कसं असतं

त्याचं उदाहरण मला फोनमध्ये नाही, कर्जमाफीत सापडतं. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतच्या माफीसाठी शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख झाली आणि अर्जच काढून टाकला. माहिती बँकांकडून घेतली, याद्या लावल्या, शेतकऱ्याने फक्त आधार पटवून रक्कम बरोबर आहे का ते सांगायचं. दोन्ही योजनांवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण सॉफ्टवेअर म्हणून पाहिलं तर दुसऱ्या आवृत्तीने वापरणाऱ्याचं काम कमी केलं. मला अपडेटकडून एवढंच हवं असतं.

फोन टाळता येईल असंही आता नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस द्यायचा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. म्हणून ‘आपली वहीच बरी’ म्हणून मोकळं होता येत नाही. आणि वहीचंही सगळं बरं नसतं. आईची दोनशे पानी वही तिलाच वाचता येते. दोन वर्षांपूर्वी ती आठवडाभर दवाखान्यात होती, तेव्हा एका शेजाऱ्याने उसने पैसे मागितले. ते फिटले होते की नव्हते, आम्हाला कळेना. बाबांनी देऊन टाकले. आई घरी आल्यावर तिने पान उघडून दाखवलं, नावावर आडवी रेघ आणि पुढे ‘फिटलं’. वहीला कॉपी नसते, आणि लिहिणारा आजारी पडला की ती मुकी होते.

मला हवं ते ॲप बनवायला अवघड नाही. आलं आणि गेलं यांच्या जोडीला देणं आणि घेणं असे आणखी दोन प्रकार. कर्ज जमा झालं की ते उत्पन्नात धरायचं नाही, देण्यात चढवायचं. वर्ष कुठून सुरू करायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. रोख नोंद एका बोटाने. हिशेब साध्या फाइलमध्ये कधीही, फुकट उतरवून घेता यावा. आणि खाने बदलायच्या आधी विचारावं. जीएनयू-कॅशसारखी मोफत सॉफ्टवेअर दुहेरी नोंदीने यातलं बरंच नव्वदच्या दशकापासून करत आली आहेत, पण ती हिशेब येणाऱ्यासाठी आहेत. बाबांच्या फोनपर्यंत ती पोचवायचं काम कुणी केलं नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

त्या रात्री मी बाबांच्या फोनवरून ते ॲप काढलं. ती ८०,००० ची पट्टी त्यांनी दाबली नव्हती, पण “व्याज किती हाय, पाय त,” असं दोनदा विचारलं होतं.

आता आई दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवते आणि मी तो एका साध्या शीटमध्ये चढवतो. चार रकाने: आलं, गेलं, देणं, घेणं. वर्ष पाडव्यापासून, ही तिची अट. पहिल्यांदा शीट दाखवली तेव्हा ‘आलं’समोर शून्य होतं आणि ‘देणं’समोर १,५५,०००. बाबा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, “हं, हे बराबर हाय.” आईने विचारलं, “हे बदलनार नाई ना आपोआप?”

नाही म्हणालो. तरी तिने वही बंद केलेली नाही, आणि मी तसं सुचवलंही नाही.