दर दोन मिनिटांनी, पण एकाच रंगात

संशोधनाला लागण्याआधी एक छोटा पेपर वाचाच. १२ जून २०२१ ला सापडलेल्या व्ही १६७४ हर्क्युलिस या नोव्हाच्या चढणीवर क्विम्बी आणि सहकाऱ्यांनी तो लिहिलाय. पानं मोजकी, काम पक्कं.

नोव्हाच्या आलेखात बरेचदा रात्रीला एकच बिंदू असतो. हा गडी तर शिखरावरून साधारण एका दिवसात दोन प्रती खाली आला! एव्हरीस्कोपने दर दोन मिनिटांनी फोटो घेतले होते, म्हणून तर कळलं की वर चढताना १४व्या प्रतीजवळ तो किमान तीन तास थबकला होता.

आता माझी तक्रार. मोजणी एकाच, हिरवट फिल्टरमधली. तेज थबकलं तेव्हा कवच फुगता फुगता थंड होत होतं का? एका रंगावरून तापमान निघत नाही बाप्पा. म्हणजे पेपर ‘काय झालं’ ते सांगतो, ‘का’ मात्र अधांतरीच राहतं.

अमरावती-अकोल्यात जूनच्या मध्यात आभाळ भरून येतं, तेव्हा असा तारा हुकणारच. तुम्ही टी कोरोनी बोरिॲलिस धरा. १८६६ आणि १९४६ मध्ये तो उसळला होता, आणि मे महिन्यात रात्री जवळपास डोक्यावर असतो. शांत असतानाही, दहाव्या प्रतीच्या आसपास, त्याचं तेज मिनिटागणिक लुकलुकतं. सोबतचा तांबडा राक्षसी तारा लाल रंगात ते झाकून टाकतो, म्हणून निळा फिल्टर हवाच; हिरवा आलटून पालटून लावा. आणि आपल्याकडे रात्रीही कॅमेरा तापतो, तेव्हा डार्क फ्रेम एकदाच घेऊन भागायचं नाही.