स्मरणरंजन आणि रसविघ्न : ‘वाडा चिरेबंदी’च्या पुनरुज्जीवित प्रयोगाचा प्रेक्षकलक्ष्यी विचार

मराठी रंगभूमीवर जुन्या नाटकांचे पुनरुज्जीवन ही नवी घटना नाही. संगीत नाटकांच्या काळापासून एकेक संहिता निरनिराळ्या मंडळींनी, निरनिराळ्या संचांत सादर केली आहे. अशा प्रयोगांवर जे लेखन होते, त्यात संहितेतील काटछाट, दिग्दर्शनातील बदल आणि जुन्या-नव्या नटांची तुलना यांचाच विचार प्रामुख्याने आढळतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला जातो, तो प्रेक्षागृहातील प्रेक्षक मात्र ‘रसिकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. हा प्रतिसाद नेमका कशाला असतो? समोर घडणाऱ्या नाटकाला, की त्या नाटकाच्या निमित्ताने जाग्या झालेल्या स्वतःच्या आठवणींना? महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाच्या संदर्भात हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

सर्वच पुनरुज्जीवनांत प्रेक्षकाची भूमिका एकसारखी नसते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्याचे कथानक तेव्हाही प्रेक्षकाला ठाऊक होते आणि आजही आहे. सुभद्रेचा विवाह अर्जुनाशीच होणार हे जसे श्रीकृष्ण जाणतो, तसे प्रेक्षकही जाणतो. किंबहुना या नाटकात प्रेक्षकाला श्रीकृष्णाशेजारी बसण्याचा मान मिळतो. त्यामुळे पूर्वज्ञानाने तेथे रसहानी होत नाही. पदाची पहिली ओळ सुरू होताच सभागृहात उमटणारी ओळखीची कुजबुज हा त्या अनुभवाचाच भाग असतो. ‘नटसम्राट’ची गोष्ट वेगळी. २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागू यांनी उभ्या केलेल्या गणपतराव बेलवलकरांची सावली नंतरच्या प्रत्येक नटावर पडत आली आहे. तेथे प्रेक्षक नकळत परीक्षक होतो आणि पुढचे स्वगत हा नट कसे पेलतो याची वाट पाहत राहतो. ‘वाडा चिरेबंदी’मध्ये पहिला प्रकारही नाही आणि दुसराही पूर्णतः नाही. तेथे लोकांच्या ओठांवर बसलेली पदे नाहीत आणि साऱ्या नाटकाचा भार वाहणारी एकच एक भूमिकाही नाही. या नाटकाचा पुनर्प्रयोग पाहताना तुलना होते ती प्रेक्षागृहाबाहेरच्या जगण्याशी, आणि म्हणूनच ती अधिक गुंतागुंतीची असते.

हे नाटक १९८५ साली ‘कलावैभव’ने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. पुढे एलकुंचवारांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही दोन नाटके लिहून देशपांडे घराण्याची कथा पूर्ण केली. ही तिन्ही नाटके सलग सादर करण्याचे धाडस १९९४ मध्ये ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली केले. त्याच दिग्दर्शकाने २०१४ साली ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आणले. त्यात वैभव मांगले यांनी भास्कर, निवेदिता जोशी-सराफ यांनी वहिनी आणि प्रसाद ओक यांनी सुधीर या भूमिका केल्या.

पहिल्या आणि २०१४ च्या प्रयोगांत जवळजवळ तीन दशकांचे अंतर आहे. १९८५ च्या प्रेक्षकाला वाड्याचे कोसळणे ही चालू काळातील घटना वाटत होती. विदर्भापुरता १९५८ चा कुळकायदा आणि त्यापाठोपाठ आलेला १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांचे परिणाम ज्यांच्या घरांनी भोगले होते, अशी माणसे तेव्हा सभागृहात बसलेली असणे शक्य होते. मुंबईस गेलेला सुधीर आणि गावी राहिलेला भास्कर, या दोघांचेही समवयस्क तेव्हा होते. आजच्या महानगरी प्रेक्षागृहात मात्र बहुतांशी सुधीरची मुले-नातवंडेच बसलेली असतात. वाडा त्यांनी पाहिला असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत. ओसरी, माजघर, बळद हे शब्द त्यांच्या कानांवर असतात, पण त्या माजघरात आयुष्य काढण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नसते. पडदा वर जाऊन नेपथ्यातील वाडा दिसताच जो सुस्कारा ऐकू येतो, त्याचे मूळ येथे आहे. एकाही पात्राने अद्याप तोंड उघडलेले नसते, तरी प्रेक्षक हळवा झालेला असतो.

हा हळवेपणा नाट्यानुभवाला उपकारक ठरतो काय? संस्कृत साहित्यशास्त्रात या प्रश्नाचा मार्मिक विचार झालेला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. ज्याचे मन घरच्या सुखात किंवा दुःखात अडकले आहे, तो रंगमंचावरील सुखदुःखाशी एकरूप होऊ शकत नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. समोरचे सुखदुःख ‘माझे’ किंवा ‘दुसऱ्याचे’ अशा विशिष्ट देशकालात बांधून पाहणे हेही त्याने विघ्नच मानले आहे. या दृष्टीने पाहता, आजोळचा विकला गेलेला वाडा आठवून डोळे पुसणारा प्रेक्षक ‘वाडा चिरेबंदी’ पाहत असतो असे म्हणता येत नाही. तो स्वतःचेच एक छोटे नाटक पाहत असतो आणि एलकुंचवारांचे नाटक त्याला पार्श्वसंगीतासारखे पुरते. पुनरुज्जीवनाच्या जाहिराती नेमक्या याच विघ्नाला साद घालतात, हा त्यातील गमतीचा भाग.

हे विघ्न या नाटकाच्या बाबतीत विशेष घातक आहे, कारण संहिता स्वतः वाड्याविषयी मुळीच भाबडी नाही. तात्याजींच्या मृत्यूनंतर एकत्र आलेल्या या कुटुंबात दुःख असते, पण त्याहून अधिक असतो तो तेराव्याच्या जेवणावळीचा खर्च कोणी करावा याचा घोळ. ‘देशपांडे’ या नावाला शोभेल असे गावजेवण तर घातलेच पाहिजे, आणि पैसा तर नाही. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. तो चालतही नाही आणि तेथून हलतही नाही. या मोठेपणाची किंमत घरातील ज्यांनी मोजली ती माणसे म्हणजे प्रभा आणि चंदू. प्रभेला शिकायचे होते, तिचे शिक्षण घराण्याच्या इभ्रतीपायी थांबले. चंदू घरचा मुलगा असून गड्यासारखा राबतो. वाड्याच्या चिरेबंदी भिंतींनी बाहेरचा वारा अडवला तसे आतल्या माणसांचे श्वासही अडवले. वाड्यासाठी रडणारा प्रेक्षक या दोघांविरुद्ध साक्ष देत असतो, हे कटू असले तरी म्हणावे लागते.

येथे प्रयोग प्रत्यक्ष पाहण्याचे महत्त्व लक्षात येते. चित्रित केलेल्या नाटकात कॅमेरा बोलणाऱ्या पात्राकडे वळतो. भास्कर आणि सुधीर यांची वादावादी चालू असताना पडद्यावर आलटूनपालटून त्या दोघांचे चेहरे दिसतात. चंदू त्या चौकटीत बसत नाही, कारण त्याला बोलायचे फारसे नसते. प्रेक्षागृहात मात्र त्याला चौकटीबाहेर काढता येत नाही. पैशांच्या गोष्टी चालू असताना कोणी तरी न बोलता काम करीत आहे, हे दृश्य तेथे सतत डोळ्यांसमोर असते. कोठे पाहायचे हे प्रेक्षकाच्या हाती असते, आणि म्हणून न पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते. आतल्या खोलीतून येणारा म्हाताऱ्या दादीचा आवाजही असाच. ध्वनिमुद्रणात तो एक आवाज उरतो. सभागृहात तो रंगमंचाच्या न दिसणाऱ्या भागातून येतो आणि वाडा दिसतो त्याहून मोठा आणि काळोखा आहे याची जाणीव करून देतो. विजया मेहता यांनी याच नाटकावरून ‘हवेली बुलंद थी’ ही दूरचित्रवाणीसाठीची कलाकृती केली, तेव्हा माध्यमाबरोबर दृष्टिकोनही बदलणे अपरिहार्यच होते. ती उणीव नव्हे, तो निराळा अनुभव होय. परंतु चित्रफीत पाहिल्यावर नाटक ‘पाहिले’ असे समजण्याची जी सवय अलीकडे रूढ झाली आहे, तिच्यात चंदू हरवतो.

दागिन्यांचा प्रवेश हा या नाटकाचा गाभा म्हणून सर्वत्र गौरविला गेला आहे. रात्रीच्या वेळी भास्कर घराण्याचे सोने बाहेर काढतो आणि वहिनी एकेक दागिना अंगावर चढवीत जाते. दिवसभर चूल आणि खर्च यांत पिचलेली बाई पाहता पाहता घराण्याची कुलस्वामिनी भासू लागते. या क्षणी सभागृहात पसरणारी शांतता अनेक अर्थांनी विचारात घेण्यासारखी आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगसिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. हसणे, वाहवा करणे, रोमांचित होणे अशा प्रतिसादांतून प्रकट होते ती मानुषी सिद्धी. भरलेल्या रंगशाळेत शब्द नाही, क्षोभ नाही, अशी जी अवस्था, ती दैवी सिद्धी. आजच्या काळात जेथे तिसऱ्या घंटेपूर्वी भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती करूनही एखादा वाजतोच, तेथे असे काही क्षण मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि या शांततेचे समाधान मानून थांबता येत नाही. हा प्रवेश सुंदर आहे आणि भयंकरही आहे. हे सोने प्रभेच्या शिक्षणाच्या कामी आले नाही, चंदूच्या कामी आले नाही. भास्कर ते भावंडांपासून दडवून बसला आहे. पुढे रंजू ते घेऊन मास्तरबरोबर निघून जाते आणि ज्या वैभवाकडे प्रेक्षक क्षणापूर्वी मंत्रमुग्ध होऊन पाहत होता, ते एका रात्रीत नाहीसे होते. वहिनीच्या अंगावरचे सोने पाहून ज्याला केवळ ‘काय ते जुने वैभव’ एवढेच वाटले, त्याची शांतता ही दैवी सिद्धी नसून दिपून जाणे आहे. या दोन शांततांतला फरक रंगमंचावरून ऐकू येत असेल काय, हे नटच सांगू शकतील.

हशाचाही विचार केला पाहिजे. या नाटकातील माणसे वऱ्हाडी बोलतात. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेल्या आणि नागपुरात कारकीर्द घडलेल्या एलकुंचवारांना ही भाषा आतून अवगत आहे, तिच्यातून ते मुंबई आणि वऱ्हाड यांतील अंतर दाखवितात. परंतु मधल्या काळात चित्रपट व दूरचित्रवाणी यांनी बोलीभाषेला विनोदनिर्मितीचे साधन करून टाकले. त्यात भर म्हणजे भास्करची भूमिका करणारे वैभव मांगले प्रेक्षकांना प्रामुख्याने विनोदी नट म्हणून परिचित. परिणामी भास्करच्या पहिल्या काही वाक्यांना, त्यांत विनोद नसतानाही, हशा मिळण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. अशा नटाची निवड हा जसा धोका, तसाच तो विचारपूर्वक केलेला डावही म्हणता येईल. जो प्रेक्षक हसण्याच्या तयारीने आला, त्याच्या हशाचा आधारच प्रवेशागणिक काढून घेतला जातो. भास्करचा कंजूषपणा आधी हास्यास्पद वाटतो, मग लबाड वाटतो आणि शेवटी त्यामागची भीती दिसू लागते. ओळखीचा चेहरा अनोळखी होत जाणे हा येथे नाट्यानुभवाचाच एक पदर बनतो. प्रसिद्ध चेहऱ्यांसाठी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला नाके मुरडण्याचे म्हणूनच कारण नाही.

ट्रॅक्टरचा अर्थही काळाबरोबर बदलला आहे. १९८५ मध्ये तो जमीनदारी मनोवृत्तीच्या फसलेल्या आधुनिकतेचे प्रतीक म्हणून वाचला जाई. दरम्यान विदर्भ हे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले. आजच्या प्रेक्षकाला त्या उभ्या यंत्रात कर्ज दिसू लागते. हे वाचन चुकीचे म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, पण त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. देशपांडे हे नांगर धरणारे शेतकरी नव्हते, ते वतनाच्या जोरावर इतरांच्या श्रमांवर जगलेले घराणे होते. त्यांच्या ट्रॅक्टरवर कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख लादणे म्हणजे दोघांवरही अन्याय होय.

याच ठिकाणी ‘आपला वाडा’ या शब्दप्रयोगातील ‘आपला’ तपासावा लागतो. वाड्याच्या पुढच्या दारातून ज्यांना कधी प्रवेश नव्हता, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याचे चिरे वाहिले किंवा मागच्या अंगणात वाढून दिलेले खाल्ले, त्यांची मुलेही आज प्रेक्षागृहात बसलेली असतात. महाविद्यालयांतून हे नाटक अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांत तर त्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्यासाठी नेपथ्यातील तो भव्य दरवाजा स्मरणरंजनाचा विषय होऊच शकत नाही. म्हणूनच अभिनवगुप्ताने सांगितलेल्या विघ्नापासून असा प्रेक्षक अधिक मुक्त असण्याची शक्यता आहे. तो वाड्याकडे न पाहता त्यात कोंडलेल्या माणसांकडे पाहू शकतो. त्याच्याही मनात रोष असू शकतो आणि रोष हेही विघ्नच, हे खरे. तरी प्रभेच्या शिक्षणाचा विषय निघतो तेव्हा, ज्याच्या घरात पहिले पदवीचे प्रमाणपत्र त्याच्याच हाती आले आहे, त्याला जे कळते ते सुट्टीत वाड्यावर जाणाऱ्याला कळेलच असे नाही.

राहता राहिला प्रश्न एकट्या नाटकाचा. १९९४ च्या सलग प्रयोगात प्रेक्षक ‘युगान्त’पर्यंत पोहोचत होता. वाड्याची पडझड आणि भोवतीचा दुष्काळ पाहिल्यानंतर पहिल्या अंकातील हळवेपणा त्याच्यापाशी टिकणे कठीणच होते. ‘वाडा चिरेबंदी’ स्वतंत्रपणे पाहणाऱ्याला ती सोय नसते. पडदा पडतो तेव्हा वाडा अजून उभा असतो, आणि तो तसाच मनात ठेवून प्रेक्षक वाहनतळाकडे वळू शकतो. दिग्दर्शकापुढील आव्हान येथे आहे. त्याने शेवटच्या प्रवेशात प्रकाश वाड्याच्या कमानीवर ठेवायचा, की त्या कमानीखाली मागे उरलेल्या प्रभेवर आणि चंदूवर?