शिळेला पृष्ठांक नसतो

तळटीप हा ग्रंथातील सर्वांत उपेक्षित भाग होय. समीक्षक प्रतिपादनाची चिकित्सा करतो, भाषेचे गुणदोष दाखवतो, मुद्रणातील प्रमादही क्वचित् नोंदवतो. परंतु पानाच्या तळाशी बारीक ठशात उभ्या असलेल्या साक्षीदारांकडे तो सहसा वळून पाहत नाही. त्यांची मांडणी हे मुद्रकाचे काम, असा आपला समज झाला आहे. आता ते काम संगणकावरील अक्षरजुळणीकडे गेले असून तिने पुढे केलेला साचा लेखकही निमूटपणे स्वीकारू लागला आहे. म्हणूनच हा समज एकदा तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

संदर्भाने वाचकाला दोन गोष्टी सांगावयाच्या असतात. उद्धृत केलेला मजकूर कोठे सापडेल, ही पहिली. आणि तेथे बोलतो आहे तो कोण, ही दुसरी. पहिलीची काळजी थोडीफार घेतली जाते. दुसरीची हेळसांड होते, आणि संशोधनातील बरेच घोटाळे तेथून सुरू होतात.

बेंगळूरच्याच इतिहासातील एक उदाहरण घेऊ. १६३८ नंतर शहाजीराजांचे वास्तव्य या नगरीत झाले. त्यांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यात राधामाधवाची कथा आहे, शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे आणि संस्कृताखेरीज इतर अनेक भाषांतील पद्येही आहेत. हा चंपू इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शके १८४४ मध्ये, म्हणजे १९२२ साली, प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. प्रस्तावना राजवाड्यांच्या लौकिकास साजेशी आहे: विद्वत्तेने भारलेली, आवेशपूर्ण आणि वादग्रस्त. शहाजीराजांच्या कर्तृत्वाविषयी लिहिणारे पुष्कळजण चंपूपेक्षा तिचाच आधार घेतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु तळटिपेत नुसते ‘राधामाधवविलासचंपू, पृ. अमुक’ एवढेच छापले गेले, म्हणजे वाचकाने काय समजावे? दरबारात बसून लिहिणाऱ्या कवीची साक्ष, की त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी लिहिणाऱ्या संशोधकाचे अनुमान? मुखपृष्ठ एक, बांधणी एक. पण आत साधने दोन आहेत आणि त्यांचे प्रामाण्य भिन्न आहे. तळटिपेने हा भेद पुसला, की राजवाड्यांचे मत जयरामाच्या तोंडी जाते आणि एका पिढीचे अनुमान पुढच्या पिढीत समकालीन पुरावा म्हणून मिरवू लागते.

दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेल्या दोन मराठी ओळी आपल्या भाषेच्या प्रत्येक इतिहासात येतात. पहिलीत चामुंडरायाने मूर्ती करविल्याचा उल्लेख आहे, दुसरीत गंगराजाने सभोवतीचे आवार करविल्याचा. बेंगळूर येथे जन्मलेल्या बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या श्रवणबेळगोळ खंडात १८८९ साली १४४ लेख प्रसिद्ध केले. आर. नरसिंहाचार यांच्या १९२३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत त्यांची संख्या ५०० झाली. पुढे १९७३ मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड अध्ययन संस्थेने काढलेल्या आवृत्तीत ती ५७३ वर गेली. लेख वाढले तसे त्यांचे क्रमांकही बदलले. म्हणजे आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक वाचकाला एका शिळेवरून उचलून दुसऱ्याच शिळेपुढे नेऊन उभा करतो.

कालाचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. या दोन ओळींत कालाचा निर्देश नाही. मूर्तीच्या निर्मितीवरून काहींनी ९८३ हे वर्ष धरले. दुसऱ्या ओळीतील गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा मंत्री असल्यामुळे दोन्ही ओळी बाराव्या शतकात कोरल्या असाव्यात, असे इतरांचे मत आहे. आता लेखकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष एवढेच कंसात देण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे, ती या शिळेला लावून पाहा. ‘राइस १८८९’ किंवा ‘नरसिंहाचार १९२३’ असे उत्तर येते. शिळा कोणाची, कोठे आहे, तिचा काल कोरलेला की अनुमानलेला, यांपैकी वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. शिळेला पृष्ठांक नसतो, ग्रंथकार नसतो आणि प्रकाशकही नसतो. तिला स्थळ असते, लिपी असते, ओळी असतात.

आपल्या जुन्या अभ्यासकांना हे उपजत कळत होते. राइस यांनी बहुतेक खंडांत लेखांची गणना तालुक्यानुसार केली. त्यामुळे तालुक्याच्या नावाचे आद्याक्षर आणि क्रमांक पाहताच लेख कोणत्या मुलखातला, हे समजते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवी यांनी देतो, पृष्ठाने देत नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतील पत्र खंड व पत्रांक यांनी ओळखले जाते. तेच मूळ कागदावरून वाचले असेल, तर रुमाल सांगावा लागतो. तुकारामाच्या अभंगाचा क्रमांक मात्र गाथेगणिक बदलतो; तेव्हा तो शासकीय गाथेतील की अन्य प्रतीतील, हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक साधनाने आपापली रीत स्वतः ठरविली आहे आणि ती त्याच्या स्वभावातून आली आहे.

संगणकावरील अक्षरजुळणीने या रीतींना एकाच ओळीत उभे केले. विद्वत्तापूर्ण ग्रंथांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लाटेक या व्यवस्थेबरोबर १९८५ पासून बिबटेक नावाची संदर्भयोजना आली. तिच्यात साधनांचे ठराविक प्रकार आहेत: ग्रंथ, नियतकालिकातील लेख, परिषदेतील निबंध, प्रबंध, अहवाल. ज्याला यांत जागा नाही, ते सारे ‘संकीर्ण’. ही वर्गवारी पाश्चात्त्य विद्यापीठांच्या गरजेतून निघाली. तिच्यात शिलालेख, ताम्रपट, बखर वा ओवी यांची आठवण कोणी ठेवली नाही, याचे नवल वाटू नये. परंतु आपला ताम्रपट संकीर्णात ढकलला जात असता आपण स्वस्थ बसावे, हे मात्र खेदजनक आहे.

स्वस्थ बसण्याचे तांत्रिक कारणही आता उरलेले नाही. २००६ साली पुढे आलेल्या बिबलाटेक या संचात प्रत्येक प्रकारासाठी निराळा नियम लिहिता येतो. ग्रंथनाम तिरप्या ठशात, लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत, शिलालेखाचे स्थळनाम साध्या ठशात आणि सर्वांच्या आधी, असे सांगता येते. नवा प्रकार आणि त्याचे नवे रकानेही घोषित करता येतात. प्रस्तावनेसारख्या पुरवणी मजकुरासाठी तर स्वतंत्र प्रकार तयारच आहे. गंमत अशी, की मूळ शैली त्यालाही ग्रंथातील प्रकरणासारखेच छापतात. नियम बदलण्याचे कष्ट लेखकानेच घ्यावे लागतात. ते घेतले, तर राजवाड्यांची प्रस्तावना राजवाड्यांच्या नावे आणि चंपूचा श्लोक जयरामाच्या नावे, असा न्याय तळटिपेतच करता येतो. शिलालेखाच्या प्रकाराला स्थळ, आजचे ठिकाण, कोरलेला शक, अनुमानित काल, आवृत्ती आणि लेखांक एवढे रकाने पुरेत. आजचे ठिकाण वेगळे का, असे कोणी विचारील. बेगूर येथील प्रसिद्ध वीरगळ आज बेंगळूरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात उभा आहे, हे त्याचे उत्तर.

यावर आक्षेप येईल तो एकरूपतेचा. प्रत्येक साधनाची रीत निराळी ठेवली, तर सूची म्हणजे जत्रा होईल, असे संपादक म्हणतील; आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हौसेखातर प्रकार वाढवीत जाणे हाही एक दोषच. तथापि एकरूपता हवी ती एकाच जातीच्या साधनांत. सर्व शिलालेख परस्परांसारखे छापले जावेत. शिलालेख कादंबरीसारखा छापला जावा, ही अपेक्षा एकरूपतेची नसून आळसाची आहे. मराठी संशोधनग्रंथाला पाच-सहा प्रकार सहज पुरतात. त्याच वेळी नावांचाही विचार व्हावा. आडनाव आधी घेण्याचा नियम नामदेवापुढे निरुपयोगी ठरतो. कन्नड देशात नावाआधीचे अक्षर पुष्कळदा गावाचे किंवा पित्याचे असते, तेथे उलटापालट करून काहीच साधत नाही. तसेच शक दिलेला असेल तेथे तो मुळाप्रमाणे राहू द्यावा आणि इसवी सन शेजारी द्यावा; नुसती ७८ ची बेरीज करून मूळ आकडा गाळू नये, कारण वर्षारंभ भिन्न असल्यामुळे तिथीवाचून ती बेरीज एका वर्षाने चुकू शकते.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्यास या सर्वांची निकड अधिक आहे. पुण्याच्या ग्रंथालयात बसलेल्या संशोधकाची अपुरी तळटीप शेजारचा जाणकार पुरी करून देतो. बेंगळूरच्या वाचकापाशी तो शेजार नाही. त्याच्यापाशी आहे ती तेवढी तळटीप. तिच्या आधाराने तो श्रवणबेळगोळला जाऊन शिळेपुढे उभा राहू शकतो, किंवा दूरच्या दप्तरातील नेमका कागद मागवू शकतो. आणि लेखकाचे म्हणणे खरे की खोटे, ते स्वतः ठरवू शकतो. हा अधिकार त्याला द्यावयाचा की नाही, हे लेखकाने ठरवावयाचे आहे. यापुढे एखाद्या मराठी संशोधनग्रंथाचे परीक्षण करताना समीक्षकांनी त्याच्या तळटिपांतील दहा साक्षीदार तरी नावानिशी तपासावेत आणि त्यांतले किती संकीर्णात कोंबले आहेत, ते निर्भीडपणे सांगावे.