कुणकेश्वरहून ब्राझील

बालभारतीचे दहावीचे भूगोलाचे पुस्तक २०१८ साली बदलले, तेव्हा त्यात एक धाडसी निवड झाली. सगळ्या खंडांची धावती सहल काढण्याऐवजी भारत आणि ब्राझील हे दोनच देश शेजारी ठेवून प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, व्यवसाय असा अभ्यास मांडला गेला. ही निवड आम्हाला आवडली. शंभर देशांच्या राजधान्या पाठ करण्यापेक्षा एक दूरचा देश नीट समजणे केव्हाही चांगले.

वर्गात हे पुस्तक बरे चालते. वर्गच नसेल तर काय होते, हे आम्हाला कुणकेश्वरला पाहायला मिळाले. देवगड तालुक्यातल्या या गावी आमच्या नात्यातली दोन मुले घरीच शिकतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहेत. त्यांना पुस्तक हाच शिक्षक. वर्गातला शिक्षक ओघात दोन वाक्ये पदरची घालतो, ती इथे कोणी घालत नाही.

मुलांचे पाठ चोख होते. ब्राझीलचा अजस्र कडा समुद्रावरून येणारे वारे अडवतो आणि त्याच्या पलीकडे पाऊस कमी पडतो, हे त्यांनी घडाघडा सांगितले. (पुस्तकातला हा भाग खरोखर उत्तम आहे.) मग आम्ही विचारले, ‘‘असा कडा आणखी कुठे पाहिलाय?’’ दोघेही गप्प. सह्याद्रीचा घाट चढून ती कित्येकदा कोल्हापूरला गेलेली आहेत!

आमचा आक्षेप इथे आहे. पुस्तकात तुलनेचे एकक देश आहे. तक्त्याचे दोन रकाने, एक भारताचा, एक ब्राझीलचा. मूल राहते ते गाव कोणत्याच रकान्यात नाही. राज्यभर जाणाऱ्या पुस्तकात कुणकेश्वरचे नाव येणार नाही, हे मान्य. पण ‘माझे गाव’ असा तिसरा रकाना कोरा सोडता आला असता.

तो रकाना आम्ही वहीत आखायला लावला. कुणकेश्वर सुमारे १६ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, तर ब्राझिलिया १५ अंश ४७ मिनिटे दक्षिण अक्षांशावर. नकाशाची विषुववृत्तावर घडी घातली तर दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर येतील. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर माथ्यावर येतो, तिथे नोव्हेंबरच्या. आपला पाऊस ऑक्टोबरात आवरतो, तेव्हा तिथला सुरू होतो. मात्र तिथे सात महिन्यांत सुमारे १५०० मिलिमीटर पडतो आणि कोकणात चारच महिन्यांत त्याहून कितीतरी जास्त. का? ब्राझिलिया समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, एवढी माहिती आम्ही दिली. पुढचे त्यांनी शोधावे.

मातीने तर बहार केली. आपल्या सड्यावरचा जांभा आणि ब्राझिलियाच्या पठारावरची तांबडी माती एकाच प्रक्रियेची लेकरे. लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका आणि क्षार धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात, माती आम्ल होते. ब्राझीलने १९७० च्या दशकापासून अशा जमिनीत चुनखडीची पूड आणि फॉस्फेट घालून सोयाबीनची अफाट शेती उभी केली, आणि त्यापायी मूळचा झाडोरा मोठ्या प्रमाणावर गमावला. कोकणात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून हापूसची कलमे लावली. मुलांच्या आजोबांना हे सांगताच ते दोन तास बोलले. परसातला काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला, हे मात्र त्यांनाही नवीन होते.

घरशिक्षणाचे काही पुरस्कर्ते म्हणतात, पाठ्यपुस्तक फेकून द्या, निसर्गच शिकवील. आम्हाला ते पटत नाही. कुणकेश्वरच्या पुळणीवर कितीही फिरले तरी ब्राझीलचा पाऊस कळत नाही. त्याला नकाशा आणि आकडे लागतात, आणि या पुस्तकात ते आहेत. परीक्षेत तिसऱ्या रकान्याला गुण नाहीत, ही मुलांच्या आईची तक्रारही रास्त आहे. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अंगणात मुलांनी काठी रोवली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली नाहीशी होईल. त्या क्षणी ब्राझिलियात पहाटेचे चार वाजलेले असतील, हे धाकट्याने स्वतः काढले. रेखांशांतील फरकावरून त्याचे उत्तर आधी आठ तास पाच मिनिटे आले होते. घड्याळात साडेआठ तासांचा फरक का, यावर भावंडांचा वाद आम्ही निघालो तेव्हाही चालूच होता.