पुलवर, वाद्यार आणि तमिळरसन: एका क्रांतिकारकाच्या वारशाची चिकित्सा



कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर तिरुप्पनंदाळ लागते. गाव ओळखले जाते ते काशी मठामुळे. सतराव्या शतकातले संतकवी कुमरगुरुपरर यांनी काशीत सुरू केलेल्या परंपरेचा हा मठ. मठाकडे भरपूर शेतजमीन आहे, आणि मठाचे तमिळ महाविद्यालयही आहे. या महाविद्यालयात तमिळ शिकून 'पुलवर' ही पदवी मिळवलेला एक तरुण पुढे शाळामास्तर झाला, मग कम्युनिस्ट, मग नक्षलवादी आणि फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्यांचे नाव कलियपेरुमाळ. जमीनदार मठाच्या आश्रयाने शिकलेला माणूस जमिनीच्याच प्रश्नावर शस्त्र उचलतो, ही विसंगती सुरुवातीलाच लक्षात ठेवा.

मी अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. वेट्रिमारन यांचा 'विडुदलै' हा चित्रपट आल्यापासून (पहिला भाग मार्च 2023, दुसरा डिसेंबर 2024) मुले मला विचारतात, "सर, ते वाद्यार खरेच होते का?" 'वाद्यार' म्हणजे मास्तर. विजय सेतुपती यांनी रंगवलेल्या पेरुमाळ वाद्यारांमध्ये अनेकांना पुलवर कलियपेरुमाळ दिसतात. या टिपणात आपण तीन गोष्टी पाहू: खरे आयुष्य काय होते, चित्रपटाने त्यातून काय घेतले आणि काय सोडले.

१. आयुष्य

कलियपेरुमाळ यांचा जन्म 1924 चा, पेण्णाडमजवळच्या खेड्यातला. आजच्या कडलूर जिल्ह्याचा हा भाग. ते कोणत्या जगात वाढले हे कळायला कावेरीच्या खोऱ्यातली शेती समजून घ्यावी लागते. इथे जमीन मोठे मिरासदार, मंदिरे आणि मठ यांच्याकडे होती. कसणारे होते कुळे आणि 'पन्नैयाळ'. पन्नैयाळ म्हणजे साधारण आपला सालगडी, पण बहुतेक दलित आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्याशी बांधलेला. 1952 साली तंजावर जिल्ह्यापुरता कुळे आणि पन्नैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, यावरून प्रश्न किती पेटला होता ते दिसते.

कायद्याने सगळे सुटले नाही. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री कीळवेण्मणी या गावात 44 दलित शेतमजुरांना एका झोपडीत कोंडून जाळले गेले. त्यात बहुसंख्य बायका आणि मुले होती. मजुरांनी मजुरीत थोडे जास्त भात मागितले होते आणि लाल झेंडा खाली उतरवायला नकार दिला होता. मुख्य आरोपी जमीनदाराला खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, पण पुढे उच्च न्यायालयाने त्याला सोडले.

नक्षलबारीचा उठाव 1967 चा. त्याची हाक आणि कीळवेण्मणीची राख एकाच काळात एका तमिळ शिक्षकापर्यंत पोहोचली. कलियपेरुमाळ चारू मजुमदारांच्या पक्षात गेले. 1970 मध्ये बॉम्ब बनवताना स्फोट झाला. तीन साथीदार मेले, ते स्वतः जखमी झाले. पुढे एका जमीनदाराच्या खुनाच्या खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि ती नंतर जन्मठेपेत बदलली. जवळपास एक तप तुरुंगात काढून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाहेर आले. मृत्यू 2007 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी.

तुरुंगातून आल्यावर त्यांच्यासोबत आले तमिळरसन, कोइंबतूरला अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून चळवळीत गेलेला तरुण. वर्गलढ्याला तमिळ राष्ट्रवादाची जोड देणारा गट त्यांनी बांधला. जातिअंत झाल्याशिवाय क्रांती नाही, अशी मांडणी तमिळरसन यांनी मीनसुरुट्टी इथे 1985 मध्ये केली. तिरुप्पनंदाळहून उत्तरेला जाऊन अणैक्करैचा बंधारा ओलांडला की हे गाव फार दूर नाही.

२. चित्रपटाने काय घेतले

'विडुदलै' हे चरित्र नाही. त्याचा आधार जयमोहन यांची 'तुणैवन' ही कथा आहे. चित्रपटाचे बळ त्याच्या दृष्टिकोनात आहे. पहिला भाग आपण कुमरेसन या साध्या पोलीस चालकाच्या (सूरी) डोळ्यांनी पाहतो. जखमी बाईला मदत केली म्हणून त्याला शिक्षा होते. क्रांतिकारकाआधी आपल्याला यंत्रणा भेटते, आणि तिच्यातला सर्वांत खालचा माणूस भेटतो. हे धाडस आहे. मजूर आणि शिपाई एकाच पायरीवर उभे आहेत, हे त्यात भाषण न करता कळते.

दुसऱ्या भागात मात्र वाद्यार स्वतः बोलू लागतात, आणि बोलतच राहतात. बाकीचे ऐकतात. शिक्षक म्हणून मला इथे अडखळायला होते. ज्या वर्गात एकच माणूस बोलतो तिथे कितपत शिकणे होते, हे मला रोज दिसते. कलियपेरुमाळ यांच्या आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ 'लोकांच्या साथीने मी मृत्यूवर मात केली' असा आहे. त्या नावात लोक आधी येतात. चित्रपटात वाद्यार आधी येतात.

मराठी वाचकाला इथे गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवेल. 1945 च्या वारली उठावाचे ते पुस्तक. त्यात वेठबिगार, गवतकापणीची मजुरी, सावकाराची भीती यांचा तपशील आहे. जागा होतो तो वारली, आणि लेखिका त्याच्या शेजारी उभी असते.

३. चित्रपटाने काय सोडले

चित्रपटाने दोन पिढ्यांची दोन माणसे एकत्र केली. मास्तर कलियपेरुमाळ यांचा, शेवट मात्र तरुणपणी मारल्या गेलेल्या तमिळरसनच्या जवळचा. या जोडणीत दोन अवघड प्रश्न निसटतात.

पहिला प्रश्न रेल्वेचा. मार्च 1987 मध्ये अरियलूरजवळ मरुदैयारू नदीच्या पुलावर स्फोट झाला. रॉकफोर्ट एक्स्प्रेस कोसळून वीसहून अधिक प्रवासी मेले. या घातपातासाठी तमिळरसन यांच्या गटाकडे बोट दाखवले गेले. चित्रपटाची सुरुवात अशाच अपघाताच्या एका लांबलचक, सुन्न करणाऱ्या दृश्याने होते. पण नंतर कथा पोलीस आणि वाद्यार यांच्याकडे वळते, आणि मेलेले मागे राहतात. अभियंता म्हणून एवढेच सांगतो: पूल हिशेब विचारत नाही. वरून जाणारा मिरासदार आहे की मजूर, हे त्याला कळत नाही. म्हणून पूल उडवणाऱ्याने 'आमचा लढा अमुकांविरुद्ध होता' असे सांगून भागत नाही.

दुसरा प्रश्न शेवटाचा. पडद्यावर वाद्यारांना पोलिसांची गोळी लागते. प्रत्यक्षात 1 सप्टेंबर 1987 रोजी आपल्याच भागातल्या पोन्परप्पी या गावात, बँक लुटताना, तमिळरसन आणि साथीदारांना जमावाने ठेचून मारले. जमावात साध्या वेशातले पोलीस होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात. हातात बंदूक असूनही त्यांनी लोकांवर गोळी झाडली नाही, असेही सांगितले जाते. हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते: ज्यांच्यासाठी लढा होता त्यांनी लढणाऱ्याला ओळखले नाही. त्यांना तो दरोडेखोर वाटला. भूमिगत राहून लोकांचे काम करण्यातला मूळ दोष या एका दिवसात दिसतो. पोलिसांची गोळी दाखवली की हा प्रश्न विचारावाच लागत नाही. प्रेक्षक हळहळून घरी जातो.

४. वारसा

या गटाचे नाव देशभर झाले ते 2000 मध्ये, वीरप्पनने अभिनेते राजकुमार यांचे अपहरण केले तेव्हा. त्यात गटाचे लोक सामील होते. सालगड्याच्या मजुरीपासून निघालेली वाट चंदनतस्कराच्या जंगलात पोहोचली. कलियपेरुमाळ यांचे मोल करताना ही वाटही मोजावी लागेल.

तरीही त्यांचा पहिला प्रश्न खोटा ठरत नाही. 44 माणसे जाळली जातात आणि मुख्य आरोपी सुटतो, तेव्हा शाळेतल्या शिक्षकाने काय करावे? त्यांनी दिलेले उत्तर मला पटत नाही. पण प्रश्न टाळून ते उत्तर नाकारण्याचा अधिकार मला मिळत नाही, आणि तुम्हालाही नाही. चित्रपट जरूर पाहा. पाहून झाल्यावर कीळवेण्मणी, मरुदैयारू आणि पोन्परप्पी ही तीन नावे वहीत एकाखाली एक लिहा. यातले एकही नाव गाळून या माणसांबद्दल मत बनवू नका.

स्वाध्याय

1. दोन खऱ्या व्यक्तींचे एक पात्र केल्याने कथेला काय मिळते? इतिहासाचे काय नुकसान होते?
2. 'विडुदलै'चा पहिला भाग शिपायाच्या नजरेतून सांगितला नसता तर काय बदलले असते?
3. तुमच्या जिल्ह्यातल्या शेतमजुरांच्या एखाद्या लढ्याची माहिती घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पानभर लिहा. त्यात पुढाऱ्याशिवाय किमान तीन जणांचा उल्लेख असावा.